कोकणातल्या जंगलाचे फोटो नेमके कोणाला दाखवायचे?

रानवाट

पावसाळा लागला की इथल्या छायाचित्रांच्या धाग्यांवर कोकण उतरतं. धुकं, धबधबे, हिरवेगार सडे (कातळाची पठारं), छत्री घेतलेला एखादा शेतकरी. फोटो सुरेख असतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण हल्ली 'जंगल वाचवा' म्हणून जी कॅलेंडरं, प्रदर्शनं आणि रील्स निघतात त्यातही हेच फोटो असतात, आणि तिथे माझं घोडं अडतं.

जुलैमध्ये कोकणात काय हिरवं नसतं? काजूची लागवड हिरवी, दोडामार्गाकडचं रबर हिरवं, अकेशिया हिरवा. दोन वर्षांपूर्वी करवत फिरलेला डोंगरही हिरवाच, कारण खुंटांना फुटवे आलेले असतात आणि वर गवत माजलेलं असतं. त्यावर धुकं आलं की तोडलेला डोंगर आणि न तोडलेला डोंगर यांतला फरक सांगून दाखवा.

फरक दिसतो तो एप्रिल-मेमध्ये. गवत वाळलेलं, ऐन-किंजळाची पानं गळलेली, वणवा गेला असेल तर अर्धा उतार काळा. आणि त्या सगळ्या मातकट रंगात मध्येच गडद हिरव्याचा एक तुकडा, कडा आखून दिल्यासारखा. ती देवराई, देवाच्या नावाने राखलेलं रान. आमच्या भागात देवरहाटी म्हणतात. तो फोटो दिसायला काही फार छान नसतो. आकाश पांढरं, हवा धुरकट, 'वा, काय कोकण!' असं कोणी म्हणत नाही. पण जंगल म्हणजे काय ते एका नजरेत कळतं.

आता मुख्य मुद्दा. निसर्गछायाचित्रांनी जंगलं वाचवली याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे अमेरिकेतली योसेमिटी दरी. कार्लटन वॉटकिन्स हा छायाचित्रकार १८६१ मध्ये साधारण १८ बाय २२ इंचांच्या काचेच्या निगेटिव्हा मावतील असा भलाथोरला कॅमेरा खेचरांवर लादून तिथे गेला. त्याची छायाचित्रं न्यूयॉर्कमध्ये लागली, वॉशिंग्टनपर्यंत पोचली आणि ३० जून १८६४ रोजी लिंकनने ती दरी राखीव ठेवण्याच्या कायद्यावर सही केली. पुढे अॅन्सेल अॅडम्सची सिएरा नेवाडा डोंगररांगेची छायाचित्रंही अशीच राजधानीत फिरली आणि १९४० मध्ये किंग्ज कॅन्यन राष्ट्रीय उद्यान झालं. सही फक्त फोटोमुळे झाली असं कोणी शहाणा म्हणणार नाही, पण फोटोंचा वाटा होता.

पण तिथे जमीन सरकारची होती. मूठभर माणसांचं मन वळलं की काम झालं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात बहुतेक जंगल खासगी आहे, कोणाच्या ना कोणाच्या सातबारावर. आणि सातबारा तरी कसला! पणजोबांच्या नावाखाली वीस-पंचवीस वारस, अर्धे डोंबिवली-नालासोपाऱ्यात, दोघे गुजरातेत, एकाचा पत्ताच नाही. दिवाळीनंतर लाकडाचा व्यापारी गावात येतो, एका भावाला गाठतो, बाकीच्यांना फोन जातात. 'मिळतंय ते घ्या, नाहीतर वणव्यात जायचंच आहे.' संमती मिळते, परवान्याचे कागद फिरतात आणि मार्चपर्यंत डोंगर बोडका.

या सगळ्यात मुंबईच्या कलादालनातल्या प्रदर्शनाने काय होणार? डोंगराचा निकाल लागतो तो भावकीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर. संमती देणारा चुलतभाऊ गावाला येतो गणपतीत, तेव्हा सगळं हिरवंच असतं. त्याला तोड दिसतच नाही. म्हणून माझं म्हणणं असं की आपण फोटो काढायचे ते त्याच्यासाठी, उन्हाळ्यात आणि दरवर्षी एकाच जागेवरून. असं कोणी करतंय का? मतं द्या. विरोधी असली तरी चालतील.

---

डोळस_आंधळा

लेख आवडला, पण सुंदर फोटोला इतकं झोडपायचं कारण नाही. ऑस्ट्रेलियात टास्मानियातली फ्रँकलिन नदी आठवा. तिच्यावर धरण होणार होतं. पीटर डॉम्ब्रोव्हस्किस याने १९७९ मध्ये तिथल्या एका वळणावरच्या पहाटेच्या धुक्याचा फोटो काढला. १९८३ च्या निवडणुकीत तो वर्तमानपत्रांत पानभर रंगीत छापून आला. असल्या जागेचा नाश करणाऱ्या पक्षाला मत देणार का, असा खालचा सवाल. सरकार बदललं, प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि चार विरुद्ध तीन अशा निकालाने धरण थांबलं. त्या फोटोत धुकंच होतं की हो!

ज्याने जागा कधी पाहिली नाही त्याला आधी तिच्या प्रेमात पाडावं लागतं. वाळलेल्या गवताच्या फोटोने कोण प्रेमात पडणार?

---

रानवाट

@डोळस_आंधळा, उदाहरण बिनतोड आहे. पण त्याच गोष्टीचा आधीचा भागही सांगायला हवा. डॉम्ब्रोव्हस्किसचा गुरू ओलेगास ट्रुखानास. त्याने टास्मानियातल्याच पेडर सरोवराचे अप्रतिम फोटो काढले, होबार्टला त्यांचे स्लाइड शो केले, सभागृहं भरली. तरी १९७२ मध्ये सरोवर धरणाच्या पाण्याखाली गेलंच. फोटो दोघांचेही सुंदर. दहा वर्षांत फरक पडला तो मागे उभ्या राहिलेल्या चळवळीमुळे आणि नेमक्या वेळी नेमक्या मतदारासमोर फोटो आल्यामुळे. माझाही हट्ट तेवढाच आहे, आपला मतदार कोण ते आधी ठरवा.

प्रेमात पाडायचं म्हणाल, तर भावकीतला माणूस त्या डोंगराच्या प्रेमात आहेच. तो तिथे करवंदं खाऊन वाढलाय. त्याला फक्त आत्ता तिथे काय चाललंय ते दिसत नाही.

---

गुरवाचो नातू

मी कॅमेरो वापरणय नाय, मोबायलच आसा. पण आमच्या रवळनाथाच्या रायेत फोटो काढूक इलेली पोरां बघलंय म्हणान सांगतंय. चपला घालून थेट पाषाणापर्यंत गेली. आमच्याकडे रायेतलो सुको फाटो पण देवाक विचारल्याशिवाय कोण उचलीत नाय. कौल घेवचो लागता. आधी गावकराक नायतर गुरवाक विचारा, नारळ ठेवा, मगे काय ते फोटो काढा. कोण नको म्हणूचो नाय.

आणि रायेत माणूस जाता तो पण फोटोत येवंदे. तुमच्या फोटोत नुसती झाडां. जसा काय थंय कोण रवतच नाय.

---

कातळवेडी

गुरवाच्या नातवाने शेवटी म्हटलंय ते फार महत्त्वाचं आहे. योसेमिटीच्या फोटोंवर नेमका हाच आक्षेप आहे. त्या दरीत आवाहनीची हे मूळनिवासी लोक राहत होते. १८५१ मध्ये सशस्त्र तुकडी पाठवून त्यांना हुसकावलं आणि दहा वर्षांनी आलेल्या कॅमेऱ्याने 'मनुष्यस्पर्श न झालेली' दरी जगाला दाखवली. आपल्याकडेही अभयारण्याच्या फोटोत धनगरवाडा कधी दिसत नाही. झाडांचे फोटो काढताना तिथला गुरव, लाकूडफाटा नेणारी बाई, हिरडा-बेहडा गोळा करणारे हात, हे कापून टाकू नका. विचारून मात्र काढा. गरीब माणूस फोटोत चांगला दिसतो म्हणून लगेच लेन्स रोखायची नसते.

---

खाडीकाठ

डोंगराचं बोलून झालं असेल तर जरा खाली खाडीकडे या. कांदळवनाचे (खारफुटीच्या जंगलाचे) फोटो म्हणजे सूर्यास्त, होडी आणि तिवराची काळी आकृती, एवढंच. भरतीला काढलेल्या फोटोत पाणी दिसतं आणि वर झाडांचे शेंडे. कांदळवन दाखवायचं तर उधाणाची ओहोटी गाठा, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची. भांगेच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी पुरतं उतरत नाही. पूर्ण ओहोटीला तिवराची चिखलातून वर आलेली श्वासमुळं, कांदळाच्या कमानी, चिप्पीचा घेर, शिंपल्या वेचायला उतरलेल्या बायका, सगळं एका चौकटीत येतं. पांढरी चिप्पी २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे, पण ती ओळखणारे किती?

मात्र 'कोणाला दाखवायचे' हा प्रश्न इथे जास्त अवघड आहे. आमच्याकडे बऱ्याच ठिकाणी खार बंधारा फुटला, खाजणातल्या भातशेतीत खारं पाणी शिरलं आणि मागोमाग कांदळ उगवलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशापासून त्याला हात लावता येत नाही. तोडू नये हे मलाही पटतं. पण मी मोठ्या कौतुकाने दाखवलेला फोटो बघून शेजारचे काका म्हणाले, 'आमच्या भाताचा मळा होता हा.' आता या माणसाला मी कोणता फोटो दाखवू? माझ्याकडे उत्तर नाही. त्यानंतर मी काकांकडून मळ्याचे जुने फोटो मागून घेतले आणि शेजारी ठेवले. दोन्ही मिळून त्या जागेची गोष्ट होते.

---

लेन्स_पुसून

एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा फोटो काढण्याची पद्धत जुनी आहे. १८८८ मध्ये फिन्स्टरवाल्डर नावाच्या जर्मन गणितज्ञाने आल्प्समधल्या हिमनद्या मोजण्यासाठी ती वापरायला सुरुवात केली. आपल्याला इतकं गणित नको, पण शिस्त हवी. मी करतो ते लिहितो.

समोरच्या डोंगरावर उभं राहून पलीकडचा उतार काढायचा. आपण ज्या डोंगरावर उभे त्याचा फोटो काही सांगत नाही. चौकटीत न हलणारं काहीतरी हवंच, देवळाचा कळस, जांभ्याचा गडगा, डोंगराची सोंड. विजेच्या खांबावर विसंबू नका, एका वादळात जातो. (निसर्ग वादळानंतर, २०२० मध्ये, दापोली-मंडणगडकडे खांबच काय, बागाच्या बागा आडव्या होत्या.) उभं राहायच्या जागेची खूण म्हणून सड्यावर रंग फासू नका. उक्षी, बारसू, देवाचे गोठणे, कशेळी या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, तुम्ही कशावर ब्रश फिरवताय ते कळणारही नाही. मोबाइलवर अक्षांश-रेखांश टिपा, आणि मागच्या वर्षीच्या फोटोची छापील प्रत खिशात ठेवा. जागेवर उभं राहून तिच्याशी चौकट जुळवणं हीच सगळ्यात सोपी आणि पक्की रीत. झूम लेन्स असेल तर ती एका टोकाला नेऊन वापरा, म्हणजे पुढच्या वर्षी आकडा आठवावा लागत नाही. मोबाइल असेल तर मुख्य कॅमेरा, झूम न करता.

वेळ दरवर्षी तीच. मे महिन्यातल्या धुरकट हवेवर एक उपाय आहे. पहिला वळीव पडून गेला की दुसऱ्या दिवशी हवा धुतलेली असते आणि गवत अजून पिवळंच असतं. तो दिवस सोडायचा नाही. पानांवरची चकाकी मारायला लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावा, पण फार रुंद लेन्सवर नको, आकाश एका बाजूला काळं पडतं.

देवराईच्या आत मात्र ट्रायपॉडशिवाय जाऊच नका. भर दुपारी आत अंधार आणि वरून पडणारे कवडसे भगभगीत. एका फोटोत दोन्ही मावत नाहीत, तीन वेगवेगळ्या एक्स्पोजरचे काढून जुळवा. आणि जुळवताना हिरवा रंग चढवू नका. आपण पुरावा गोळा करतोय, लग्नाचा अल्बम नाही.

---

बार_रूम

'पुरावा' म्हणालात म्हणून. तुमचे फोटो कधी न्यायालयात किंवा वनखात्याच्या तक्रारीत वापरायचे असतील तर कॅमेऱ्यातली मूळ फाइल जशीच्या तशी जपा. व्हॉट्सॅपवरून फिरलेल्या फोटोतली तारीख-वेळेची माहिती बहुधा उडालेली असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं (पूर्वीच्या पुरावा कायद्यातलं ६५ ब). फोटो कोणत्या उपकरणातून कसा आला ते त्यात सांगावं लागतं, म्हणून कोणी काढला याची नोंद आत्ताच ठेवा.

खासगी जमीन म्हणजे मालकाची मर्जी, हाही गैरसमज आहे. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत ऐन, किंजळ, खैर, आंबा, फणस, जांभूळ ही झाडं आहेत, त्यांना परवानगी लागतेच. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या गोदावर्मन प्रकरणातल्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाने 'जंगल' शब्दाचा कोशातला अर्थ धरला, मालकी कोणाचीही असो. त्याच प्रकरणात १८ डिसेंबर २०२४ रोजी राजस्थानातल्या देवरायांबद्दल निकाल आला आणि देशभरच्या देवरायांसाठी धोरण करावं अशी शिफारस झाली.

आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे २००२ च्या जैवविविधता कायद्याखालची गावची लोकजैवविविधता नोंदवही. पुष्कळ ठिकाणी ती कपाटात आहे. त्यात तुमचे फोटो तारखेसह चिकटवून घ्या, ग्रामपंचायतीला विनंती करून. उद्या 'इथे जंगल नव्हतंच' म्हणायची सोय राहणार नाही.

---

घर_दादरला

म्हणजे खलनायक आम्ही चाकरमानी! छान. माझ्या आजोबांच्या डोंगरात माझा एक बत्तिसांश हिस्सा आहे. गावचं घर पडायला आलंय, कौलं चढवायला माणूस मिळत नाही, काकूचं ऑपरेशन झालं तेव्हा लाकडाचेच पैसे आले. जंगल राखलं तर मला कोण काय देतं? वणवा लागला तर विझवायला कोण जातं? फोटो पाठवून मला अपराधी वाटायला लावायचं असेल तर सरळ सांगा.

---

रानवाट

@घर_दादरला, राग समजतो. माझाही हिस्सा तुमच्यासारखाच अपूर्णांकात आहे, आणि काकू सगळ्यांनाच असतात. अपराधी वाटायला लावणारे फोटो मलाही नकोत. तोडलेल्या खुंटांचे आणि रडक्या संगीताचे व्हिडिओ ग्रुपवर आले की लोक ग्रुप म्यूट करतात.

पैशाचं म्हणाल तर संगमेश्वर भागात थोडं काम झालंय. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशनने खासगी जंगलमालकांशी करार केले, झाडं राखायची आणि त्याचा मोबदला घ्यायचा. बेहड्याची फळं झाड न तोडता गोळा करून रीतसर प्रमाणित करून विकण्याचं कामही त्यांनी केलं. बेहडा अशासाठी की त्याच्या जुन्या ढोलीत धनेश पक्षी घरटं करतो. सगळ्यांना हे मिळेल असं नाही. पण असा करार करायला कोणी दारात आलं तर तुमच्या डोंगरावर काय उभं आहे ते दाखवायला दरवर्षीचे फोटो असतील. व्यापाऱ्याशी बोलतानाही ते उपयोगी पडतात. माझ्या माहितीतल्या एका घरात दोन भावांनी फोटो बघून 'वरचा पाणवठ्याकडचा पट्टा सोडून घ्या' अशी अट घातली. संपूर्ण डोंगर वाचला नाही. पट्टा वाचला.

---

कातळवेडी

धनेशावरून एक कळकळीची विनंती. घरट्याच्या झाडाचा फोटो काढला तर ठिकाण टाकू नका. मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, तेव्हापासून तिचं आणि पिल्लाचं पोट नराने आणलेल्या उंबर-फळांवर. खाली दहा कॅमेरे उभे राहिले तर नर दूर बसून राहतो. देवराईचा फोटो, गावाचं नाव, सगळं ठीक. झाडाचा नेमका पत्ता नको. ड्रोन तर त्या दिवसांत अजिबात नको. २५० ग्रॅमच्या आतला आहे, परवाना लागत नाही, असं कोणी म्हणालं तरी नको. धनेशाला ड्रोनचे नियम ठाऊक नसतात.

---

पायवाट

देवराईला करवतीइतकाच धोका जीर्णोद्धाराचा आहे, यावर कोणी का बोलत नाही? कौलारू देऊळ पाडून स्लॅबचं करायचं, सभामंडप वाढवायचा, भोवती पेव्हर ब्लॉक, गाडी दारापर्यंत यायला रस्ता. त्यासाठी राईतलीच झाडं जातात, कधी खर्चासाठी विकलीही जातात. आणि हे सगळं भक्तीने होतं, म्हणून कोणी तोंड उघडत नाही.

आमच्या गावात मुलांनी वेगळी शक्कल काढली. राईतल्या एकेका झाडाचा, वेलीचा फोटो मोठा छापून शिमग्याला देवळाच्या सभामंडपात दोरीवर लावला. सुरंगी, सातवीण, उंडी, गारंबीचा तो अजस्र वेल. खाली गावात म्हणतात ते नाव. पालखी नाचवायला आलेले मुंबईकर बघत उभे राहायचे, म्हाताऱ्या औषध सांगायच्या, एका आजोबांनी दोन नावं चुकीची म्हणून खोडली. बैठकीत मंडप वाढवायचा विषय निघाला तेव्हा एकाने विचारलं, 'फोटोतली सातवीण जाणार का यात?' मंडप झालाच, पण दुसऱ्या बाजूला सरकवून.

---

डोळस_आंधळा

@पायवाट, हे भारी आहे. मला वाटतं माझ्या आणि रानवाटच्या भांडणाचा निकाल इथेच लागला, कारण ते फोटो सुंदरही असणार आणि योग्य माणसासमोरही होते. (तरी धुक्याचे फोटो मी काढणारच.)

बांबर्डे-हेवाळ्याचं मायरिस्टिकाचं (रानजायफळाचं) दलदली जंगल कोणी पाहिलंय का? दोडामार्ग तालुक्यात. २०२१ मध्ये जैविक वारसास्थळ जाहीर झालं. गावाने देवाच्या नावाने राखलं म्हणून टिकलं. तिथे आत गुडघ्यासारखी वर आलेली मुळं आहेत, मुद्दाम पाण्याच्या पातळीवरून फोटो काढण्यासारखी. पण माती तुडवली जाते म्हणून जावं की नाही असं वाटतंय.

---

लेन्स_पुसून

जा, पण गावातल्या माणसाला बरोबर घेऊन, आणि काठावरून काढा. मुळांमध्ये ट्रायपॉडचे पाय रोवायचे नाहीत. लांब लेन्स न्या.

बाकी, उन्हाळ्यात फोटो काढून कॅमेरा कपाटात ठेवणाऱ्यांसाठी: जूनच्या आत हवाबंद डबा आणि सिलिका जेल घ्या. आपल्या हवेत लेन्सच्या आत बुरशी धरायला एक पावसाळा पुरतो, आणि ती साफ करायचा खर्च ऐकून डोंगर विकावा लागेल.

---

घर_दादरला

@लेन्स_पुसून 😀

@रानवाट, मेमध्ये आठवडाभर गावी आहे. आमच्या डोंगरासमोर चढायला वाट आहे, धनगरवाड्याच्या बाजूने. कॅमेरा नाही, मोबाइल आहे. कोणत्या उंचीवरून काढू आणि किती फोटो लागतील ते सांगा. ग्रुपवर टाकेन, पण तोडायचं की नाही यावर मी काही बोलणार नाही, ते तुम्हीही बोलू नका.

---

रानवाट

कबूल. उतार पायथ्यापासून माथ्यापर्यंत एका चौकटीत मावेल इतकंच वर चढा, त्याच्या वर नको. डावीकडून उजवीकडे चार-पाच फोटो, प्रत्येकात आधीच्याचा तिसरा हिस्सा यायला हवा. सकाळी साडेनऊच्या सुमारास, ऊन तुमच्या पाठीशी असेल तर. उतार पूर्वेकडे तोंड करून असेल तर सकाळच, पश्चिमेकडे असेल तर चारनंतर. तुमचा कोणत्या बाजूचा आहे?